नांव बाळराजाचें, कारभार बाईसाहेबांचा

मालवणच्या धक्क्यावरून होडीनें सिंधुदुर्गांत जाणारा प्रवासी शिवछत्रपतींच्या हातापायांचे ठसे पाहतो, शिवराजेश्वराच्या देवळांत हात जोडतो, दूधबाव-साखरबाव यांचें पाणी चाखतो आणि परततो. सन १६६४ मध्यें ज्यांनीं हा जलदुर्ग आरंभिला त्यांचें स्मरण तेथें पदोपदीं होतें, तें योग्यच आहे. परंतु हातचा गेलेला हाच किल्ला ज्या स्त्रीच्या कारकीर्दींत परत मिळाला, तिचें नांव तेथें सहसा कानीं पडत नाहीं. ती स्त्री म्हणजे करवीरची राणी जिजाबाई.

सन १७६० च्या अखेरीस करवीरचे संभाजीमहाराज निपुत्रिक वारले. करवीरचें राज्य सातारच्या गादींत विलीन करावें, असा पेशव्यांचा मनोदय होता. पुढच्याच महिन्यांत पानिपतचा घात झाला, तरी करवीरवरील संकट टळलें नव्हतें. अशा वेळीं जिजाबाईंनीं दत्तकाचा आग्रह धरिला, तो तडीस नेला आणि सन १७६२ मध्यें खानवटकर भोसल्यांच्या घराण्यांतील मुलगा शिवाजी या नांवानें गादीवर बसविला. पेशव्यांस तो मान्य करावा लागला. सन १७७३ मध्यें मृत्यु येईपर्यंत राज्याचीं सूत्रें बाईंच्याच हातीं होतीं.

किनाऱ्यावर मात्र निराळेंच वैर पेटलें होतें. करवीरचीं व वाडीकर सावंतांचीं गलबतें आपल्या व्यापारास उपद्रव देतात, ही मुंबईकर इंग्रजांची जुनी तक्रार. इंग्रज त्यास चांचेगिरी म्हणत. पण समुद्रांत परवाने विकण्याचा धंदा फिरंग्यांनींही केला होता, हें विसरूं नये. सन १७६५ मध्यें इंग्रजांनीं सावंतांचें रेडी व करवीरकरांचा सिंधुदुर्ग घेतला आणि सिंधुदुर्गास ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें. दुसऱ्याच वर्षीं तह झाला. जबर रकमेचा बोजा व व्यापारास उपद्रव न देण्याची अट पत्करून बाईंनीं किल्ला परत मिळविला. बाईंच्या कडक शासनाविषयीं व क्रौर्याविषयींही कथा आहेत. त्या झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. स्त्री राज्यकर्ती झाली म्हणजे तिनें देवीच असावें, ही अपेक्षाही अन्यायाचीच.

शेजारच्या सावंतवाडीचें चित्र याहून करुण आहे. सन १८०३ मध्यें खेम सावंत पुत्राविना वारले. त्यांच्या ज्येष्ठ राणी लक्ष्मीबाई, शिंद्यांच्या कन्या, यांनीं कारभार हातीं घेतला व सन १८०५ मध्यें दत्तक घेतला. तो मुलगा दोनच वर्षांत मारला गेला. लक्ष्मीबाईंच्या मागें त्यांची सवत दुर्गाबाई पुढें आल्या. सन १८१२ मध्यें फोंड सावंत वारतांच त्यांच्या अल्पवयी मुलाच्या नांवें त्याच राज्य चालवूं लागल्या. त्या एकाच वर्षांत मालवण-सिंधुदुर्ग करवीरकडून आणि वेंगुर्लें सावंतांकडून इंग्रजांकडे गेलें होतें. तरीही दुर्गाबाईंनीं करवीरकरांकडून मसुऱ्याचा भरतगड घेतला. इंग्रजांनीं मध्यें पडून तो परत देवविला. सन १८१९ च्या तहानें वाडीच्या स्वातंत्र्याचा शेवट झाला.

या स्त्रिया कर्तृत्वानें कमी पडल्या असें कोण म्हणेल? तरीही त्यांतील एकीच्याही नांवें गादी नव्हती. सत्ता त्यांजकडे आली ती वैधव्याच्या वाटेनें, आणि टिकली ती बालकाच्या नांवावर. म्हणूनच दत्तकाचा प्रश्न त्यांस प्राणाइतका मोलाचा होता. दत्तक नामंजूर होणें म्हणजे राज्य जाणें, आणि दत्तक मोठा होणें म्हणजे आपला अधिकार सरणें. ताराबाईंचेंच उदाहरण पाहा. सन १७०० पासून सात वर्षें त्यांनीं औरंगजेबाशीं झुंज दिली, आणि सन १७१४ मध्यें त्याच ताराबाईंना सवत राजसबाईच्या पक्षानें पन्हाळ्यावर पुत्रासह कैदेंत टाकिलें. संकटांत स्त्रीस पुढें करावें आणि निर्वाह झाला कीं बाजूस सारावें, ही रीत केवळ आपलीच नव्हे. युद्धानें पोळलेल्या अनेक देशांची ती आहे.

सन १९९३ पासून ग्रामपंचायतींत स्त्रियांसाठीं एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या, आणि महाराष्ट्रानें सन २०११ मध्यें त्या निम्म्या केल्या. अधिकार आतां वैधव्यानें नव्हे, मतानें मिळतो. हें अंतर लहान नाहीं. परंतु सरपंच बाईंच्या खुर्चीमागें उभे राहून यजमान कारभार हांकतात, हें दृश्य अजून गांवोगांव दिसतें. दोन शतकांपूर्वीं नांव बाळाचें होतें आणि कारभार बाईचा. आतां पुष्कळ ठिकाणीं नांव बाईचें आणि कारभार दुसऱ्याचा. नांव आणि कारभार हीं दोन्ही एकाच स्त्रीच्या हातीं आलीं म्हणजेच समतेची गोष्ट खरी झाली, असें आम्ही म्हणूं. तोंवर सिंधुदुर्गाच्या तटावर उभें राहतांना शिवछत्रपतींबरोबर करवीरच्या जिजाबाईंचेंही स्मरण करावें, एवढीच विनंती.