आठ पोर्टचा बोर्ड आणि तापीची पातळी: यंत्राची नोंद 'स्रोत' म्हणून कशी वाचायची

संशोधन पद्धतीच्या तासाला आपल्याला एक गोष्ट पक्की शिकवतात: स्रोत तपासल्याशिवाय वापरू नका. कागद कोणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला, हे आधी विचारा. दप्तरखान्यातल्या कागदाला आपण हे प्रश्न विचारतोही. पण एखादं यंत्र दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहीत असेल, तर तो आकडा आपण डोळे झाकून एक्सेलमध्ये घेतो. का बरं? यंत्राचा आकडासुद्धा कोणीतरी ठरवलेल्या रीतीने लिहिलेला असतो, आणि त्या रीतीला इतिहास असतो.

आजचं उदाहरण आपल्या खानदेशातलं घेऊ. तापी मुलताईला उगम पावते, 724 किलोमीटर वाहते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. मधला मोठा टप्पा जळगाव, धुळे आणि नंदुरबारचा. तापी-पूर्णा संगमाच्या खाली हतनूरचं 41 दरवाजांचं धरण आहे, आणि पुढे गुजरातेत उकाई. भुसावळ, सावखेडा, गिधाडे, सारंगखेडा इथल्या पातळीवरून उकाईत किती पाणी येणार याचा अंदाज बांधला जातो. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईतून सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. पाणी आधीपासून थोडं थोडं सोडायला हवं होतं का, यावर नंतर बराच वाद झाला. या वादात उतरायचं तर वरच्या भागातल्या नोंदी हाताशी हव्यात, आणि त्या विश्वासाच्या हव्यात.

पूर्वी ही नोंद माणूस घेत असे. काठावर आकडे रंगवलेली पट्टी, पावसाळ्यात तासातासाला वाचन आणि वायरलेसवरून निरोप. आता बऱ्याच ठिकाणी संवेदक, डेटा लॉगर आणि उपग्रह ही साखळी आहे. माणसाच्या नोंदीत चूक कुठे होते हे आपल्याला अंदाजाने कळतं: अंधारात पट्टी दिसली नाही, आकडा ऐकण्यात गफलत झाली. यंत्राच्या नोंदीत ती कुठे होते?

समजा, तुमच्या प्रकल्पात एक छोटा एम्बेडेड संगणक आहे. त्याला रडार पातळीमापक, हवामान केंद्र, पाण्याची गढूळता मोजणारं यंत्र, मोडेम असं सगळं जोडायचंय. प्रत्येकाला सिरियल पोर्ट हवा आणि संगणकाला पोर्ट दोनच. मग तुम्ही आठ पोर्टचा बोर्ड आणता. तो बसवताना जी जी अडचण येते, तिच्यामागे जुना निर्णय सापडतो. एकेक बघू.

पहिली अडचण: वेग आणि बिट

सेटिंगमध्ये 9600, 8 डेटा बिट, पॅरिटी नाही, 1 स्टॉप बिट असं लिहिता. हा स्टॉप बिट आला कुठून? टेलिप्रिंटरमधून. त्या यंत्रात मोटर आणि फिरते भाग होते. अक्षर सुरू झालं हे सांगायला स्टार्टचा इशारा, आणि पुढच्या अक्षराआधी यंत्राला जागेवर यायला थोडी उसंत, ती म्हणजे स्टॉप. 1963 च्या एएसआर-33 टेलिटाइपला ही उसंत दोन बिटांची लागे. एका अक्षराला 11 बिट, सेकंदाला 10 अक्षरं, म्हणून वेग 110. 'बॉड' हे नाव फ्रेंच तारतज्ज्ञ एमिल बोदो याचं. आपल्याकडची तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली, पण तारयंत्राची ही सवय तुमच्या लॉगरमध्ये चालूच आहे. लिनक्समध्ये पोर्टचं नाव 'टीटीवाय'ने सुरू होतं, तेही टेलिटाइपचंच लघुरूप.

आता गंमत बघा. पीसीच्या सिरियल चिपला 1.8432 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असे. त्याला 16 ने भागलं की 115200, आणि त्याला 12 ने भागलं की 9600. पण पुष्कळ मल्टिपोर्ट बोर्डांवर 14.7456 मेगाहर्ट्झचा, म्हणजे बरोब्बर आठपट क्रिस्टल असतो. ड्रायव्हरला हे माहीत नसेल, तर तुम्ही 9600 मागता आणि पोर्ट 76800 ने बोलतो. पडद्यावर कचरा दिसतो आणि आपण केबलला दोष देत बसतो. म्हणून बोर्ड आला की आधी क्रिस्टलवरचा आकडा वाचा.

दुसरी अडचण: आठांपैकी चारच पोर्ट दिसतात

1981 च्या आयबीएम पीसीत सिरियल पोर्टचे पत्ते आणि इंटरप्ट ठरून गेले: पहिल्याला पत्ता हेक्स 3एफ8 आणि इंटरप्ट 4, दुसऱ्याला 2एफ8 आणि इंटरप्ट 3. पुढे चार पोर्टपर्यंत ओढाताण झाली. जुन्या आयएसए बसवर दोन कार्डांनी एकच इंटरप्ट वापरणं धोक्याचं होतं. मल्टिपोर्ट बोर्डवाल्यांनी वाट काढली: बोर्डावरच्या सगळ्या पोर्टांची हाक एका इंटरप्टवर आणायची, आणि हाक कोणाची ते सांगायला एक वेगळं रजिस्टर ठेवायचं. 1992 मध्ये पीसी/104 हे प्रमाण ठरलं, तळहाताएवढे बोर्ड एकावर एक रचता येऊ लागले, पण बस तीच जुनी. त्यामुळे असे बोर्ड बसवताना आजही जंपर लावून पत्ता आणि इंटरप्ट ठरवावा लागतो.

'चार' हा आकडा लिनक्समध्येही टिकलाय. अनेक कर्नल मुळात चारच पोर्ट नोंदवतात. बोर्ड चांगला असतो, फक्त कर्नलला बूटच्या वेळी पोर्टांची संख्या वाढवून सांगावी लागते. बोर्ड दुकानदाराला परत करण्याआधी हे तपासा.

तिसरी अडचण: हरवलेला बाइट

ही खरी महत्त्वाची, इथे थांबून वाचा. 9600 वेगाला सेकंदाला 960 अक्षरं येतात, म्हणजे साधारण एक मिलिसेकंदाला एक. पीसीतली मूळ 8250 चिप एका वेळी एकच अक्षर धरून ठेवायची. प्रोसेसरने ते उचलायच्या आत पुढचं पूर्ण आलं, तर आधीचं गेलं. याला ओव्हररन म्हणतात. आठही पोर्ट एकदम बोलू लागले तर सेकंदाला 7680 अक्षरं. 16550ए चिपमध्ये 16 बाइटची रांग आली आणि हा ताण बराच कमी झाला. तरी ड्रायव्हरने चिप चुकीची ओळखली, तर रांग असूनही वापरली जात नाही.

बाइट हरवला तर काय होतं? समजा, मापकाने '214.36' पाठवलं. '1' हरवला तर '24.36' दिसेल. ही चूक शेंबडं पोरही पकडेल. पण '3' हरवला तर? '214.6'. आकडा देखणा आहे, कुठल्याही गाळणीतून सुटेल, आणि पातळी 24 सेंटिमीटरने चढलेली दिसेल. पुराच्या रात्री हा फरक लहान नाही. तुमच्या प्रबंधातल्या आलेखात मात्र ते एक छोटं टोक असेल, आणि तुम्ही त्याला वरच्या पावसाचं कारण चिकटवाल.

म्हणून यंत्र मॉडबस आरटीयू बोलत असेल तर ते निवडा. 1979 मध्ये मॉडिकॉन कंपनीने कारखान्यांसाठी केलेल्या या पद्धतीत प्रत्येक संदेशाच्या शेवटी 16 बिटांची तपासणी असते. बाइट गळाला तर संदेश नाकारला जातो. नोंदीत खाडा पडेल, पण खोटा आकडा पडणार नाही. खाडा दिसतो, आणि खोटा आकडा दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

चौथी अडचण: लांबी

1960 मध्ये आलेलं आरएस-232 हे टर्मिनल आणि मोडेम शेजारी शेजारी ठेवण्यासाठी होतं. पुढे प्रमाणात 50 फुटांची मर्यादा लिहिली गेली. नदीच्या पुलावरचा मापक आणि काठावरची पेटी यांत एवढं अंतर सहज ओलांडतं. तिथे 1983 चं आरएस-485 लागतं: दोन तारांमधल्या फरकावर चालणारं, सुमारे 1200 मीटरपर्यंत, एका जोडीवर 32 यंत्रं. दोन पथ्यं पाळा. 120 ओहमचा रोधक ओळीच्या फक्त दोन टोकांना लावा, मधल्या प्रत्येक यंत्राला नाही. आणि 'ए' व 'बी' या खुणांवर भरवसा ठेवू नका, वेगवेगळे उत्पादक त्या उलट लावतात. उत्तर आलं नाही तर तारा अदलाबदल करून बघा.

आता संशोधकाचं काम

तुमच्या वहीत, डेटाच्या शेजारी, एवढं लिहून ठेवा: कोणता संवेदक कोणत्या पोर्टवर, वेग काय, बोर्डावर चिप आणि क्रिस्टल कोणता, कर्नल कोणता. मापक जोडण्याआधी प्रत्येक आरएस-232 पोर्टचे 2 आणि 3 नंबरचे पाय तारेने जोडून, पाठवलेलं तसंच परत येतं का ते बघा. ओव्हररन मोजणारा आकडा लिनक्स स्वतः ठेवतो, प्रॉक फोल्डरमधल्या सिरियल ड्रायव्हरच्या फाइलमध्ये 'ओई' नावाने. तो रोज एकदा साठवा. वर्षभराने परीक्षकाने विचारलं की हे टोक खरं कशावरून, तर तुमच्याकडे उत्तर असेल.

घड्याळही विसरू नका. हवामान खात्याचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, तेव्हा जागतिक वेळ 3 वाजलेली असते. लॉगर कोणती वेळ लिहितोय हे पहिल्याच पानावर हवं.

आणि जुन्या नोंदी काढायला गेलात, तर तिथेही हीच शिस्त ठेवा. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदात सारंगखेडा धुळे जिल्ह्यात सापडेल. जिल्ह्याच्या नावाने शोधलंत तर निम्मी मालिका हातातून जाईल, आणि ती हरवली हे कोणी सांगणारही नाही.

या आठवड्यात एक करून बघा. तुम्ही वापरत असलेल्या कोणत्याही यंत्राच्या डेटाची एक ओळ घ्या, आणि ती संवेदकापासून तुमच्या पडद्यापर्यंत कोणकोणत्या हातांतून आली ते कागदावर काढा. जिथे 'माहीत नाही' असं लिहावं लागेल, तिथून तुमच्या पद्धतीच्या प्रकरणाला सुरुवात करा.