मोठा पडदा, रिकामं दुकान

२०११ साली सॅमसंगने ५.३ इंची गॅलॅक्सी नोट आणला तेव्हा कानाला पाटी लावल्यासारखं दिसतं म्हणून थट्टा झाली. ती काही फार टिकली नाही. २०१३ साली ५.७ इंची नोट ३ समोर नोकियाने थेट ६ इंची लुमिया १५२० उभा केला. २० मेगापिक्सेलचा कॅमेरा, स्नॅपड्रॅगन ८०० प्रोसेसर... कागदावर कुठेच कमी नाही.

मग अडलं कुठे? ॲप्समध्ये! इन्स्टाग्राम विंडोज फोनवर त्या नोव्हेंबरात पोचलं, तेही बीटा म्हणून. मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहिलेलं यूट्यूब ॲप तर गूगलने ऑगस्टमध्येच अडवलं होतं. ग्राहक नाहीत म्हणून ॲप नाही, ॲप नाही म्हणून ग्राहक नाहीत. अँड्रॉइड आणि आयफोनसाठी लिहून झाल्यावर तेच ॲप तिसऱ्यांदा कोण लिहिणार? (मी तरी नसतं लिहिलं.)

ॲपल २०१४ मध्ये ५.५ इंची ६ प्लस घेऊन उशिराच आलं, पण त्यांचं दुकान भरलेलं होतं. असो. नोकियाचा फोनधंदा विकत घेतलेल्या मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ७.६ अब्ज डॉलर्स बुडीत खाती टाकले. डिसेंबर २०१९ मध्ये विंडोज फोन ८.१चं स्टोअर बंद झालं. कॅमेरा झकास चालत असला तरी त्यावर नवं ॲप चढवायची सोय गेली.