ओवी लिहिणारे, वारी चालणारे पाद्री



माउली, दिंडीच्या शंभर वर्षांच्या ग्रंथात तुम्हीही चार शब्द लिहा, असं मंडळींनी आम्हांला सांगितलं. आम्ही चौथी शिकलेले, शेती करणारे. कीर्तनाला उभं राहिलो की बोलता येतं, लिहिताना हात अडखळतो. पण विषय मनात पक्का होता. ज्या पाद्री लोकांनी आपल्या मराठीपुढे आणि आपल्या वारीपुढे मान वाकवली, त्यांच्यावर लिहायचं.

हे ऐकून आमच्यातलेच एक जाणते वारकरी म्हणाले, "बुवा, आपल्या ग्रंथात पाद्री कशाला? फिरंग्यांनी देवळं फोडली, ते विसरलात काय?"

विसरलो नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. मधली दोनशे पाच वर्षं त्यांची. त्यात देवळं पडली, माणसं बाटवली गेली. हे आम्ही आजोबांच्या तोंडून ऐकलं आणि ते खरं आहे. झाकून ठेवून गोड गोड लिहिणं हा वारकऱ्याचा धर्म नव्हे. पण राज्य करणारा फिरंगी आणि झगा घातलेला प्रत्येक माणूस एकच, असंही म्हणता येत नाही. कसं, ते ऐका.

पहिले फादर थॉमस स्टीफन्स. जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यात आले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. तिथे नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या जुन्या पोथ्या सुटल्या होत्या. पिढ्यान् पिढ्या पुराण ऐकलेली माणसं ती, त्यांना वाचायला-ऐकायला काही उरलं नाही. फादरांनी ती भूक ओळखली. त्यांनी इंग्रजीत लिहिलं नाही, पोर्तुगीजमध्ये लिहिलं नाही. ज्ञानोबारायांनी, एकनाथ महाराजांनी जी ओवी घरोघरी नेली, तीच ओवी त्यांनी शिकून घेतली आणि ख्रिस्ताची कथा तिच्यात सांगितली. जवळजवळ अकरा हजार ओव्या! १६१६ साली गोव्यात राचोल इथे ते 'ख्रिस्तपुराण' छापलं. आरंभीच त्यांनी मराठीची थोरवी गायली आहे. फुलांत मोगरी, तशी त्यांना ही भाषा वाटली. १६१९ साली ते वारले. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांची भाषा बंद करण्याचा हुकूम काढला. आज तो हुकूम कुठे आहे? ख्रिस्तपुराण मात्र आहे. पहिल्या छपाईची एकही प्रत उरली नाही, पण लोकांनी हातांनी उतरून घेतलं, म्हणून ते टिकलं. गाथा तरली ती लोकांच्या मुखात, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

दुसरे फादर गी दलरी, फ्रान्सचे. हे तर आपल्या फारच जवळ आले. तुकोबारायांचे अभंग त्यांनी फ्रेंच भाषेत नेले, ते पुस्तक १९५६ साली तिकडे निघालं. आणि नुसते पोथी वाचून थांबले नाहीत. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला गेले. विठोबाच्या उपासनेवर त्यांनी इंग्रजीत जो ग्रंथ लिहिला, तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६० साली छापला. आपण वर्षानुवर्षं चालतो, पाय दुखले तर तेल लावतो आणि झोपतो. आपली चाल कागदावर उतरवावी, असं आपल्यातल्या किती जणांना सुचलं? त्या परक्या माणसाला सुचलं.

तिसरे आपल्या वसईचेच, नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 'सुवार्ता' मासिकाचे ते पुष्कळ वर्षं संपादक होते. अख्खं बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं. 'सुबोध बायबल' त्याचं नाव. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. तेव्हाही काही जणांनी हेच विचारलं होतं, पाद्री कशाला? प्रकृती बरी नव्हती, तरी ते गेले आणि मराठीत बोलून आले.

आम्हां शेतकऱ्यांना मात्र त्यांची आठवण पाण्यावरून येते. वसईच्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून जाऊ लागलं, वाड्या सुकू लागल्या. आमच्याही विहिरीचं पाणी मचूळ झालं, केळी पिवळी पडली. तेव्हा 'हरित वसई'साठी हे फादर लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. विहीर काय हिंदूची वेगळी आणि ख्रिस्त्याची वेगळी असते? जमिनीखालचा झरा एकच. पाणी सगळ्यांचंच खारं होत होतं.

२०२४ ची आषाढी करून आम्ही घरी आलो, त्याच आठवड्यात, २५ जुलैला ते गेले. आम्ही तुळशीमाळ घातलेले, धर्म आमचा वेगळा. तरी त्या संध्याकाळी हरिपाठाला बसलो तेव्हा मन भरून आलं.

माउली, वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. समोरच्याचं नाव-गाव विचारून पडत नाही. आपली भाषा डोक्यावर घेतलेल्या माणसाला नमस्कार करताना मग हात का आखडावा?

त्या जाणत्या वारकऱ्यांना आम्ही हे सगळं वाचून दाखवलं. थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "असू द्या. पण देवळांचंही राहू द्या हो." राहू दिलं आहे.

चुकलंमाकलं पदरात घ्यावं. रामकृष्णहरी.