कुंपण आधी, हरणे नंतर

प्राणिसंग्रहालय वेगळे आणि अभयारण्य वेगळे, असा भेद कायद्याने केलेला आहे. सागरेश्वराला तो नीट लागू पडत नाही. आष्ट्याहून इस्लामपूर-ताकारीच्या वाटेने कृष्णा ओलांडली की काठचा ऊस मागे पडतो आणि पुढे देवराष्ट्रेच्या बाजूचे डोंगर दिसू लागतात. तिथले हे १०.८७ चौरस किलोमीटरचे रान १९८५ मध्ये अभयारण्य झाले. असलेल्या प्राण्यांना संरक्षण द्यायचे म्हणून अभयारण्य जाहीर होते, ही सर्वसाधारण रीत. इथे क्रम उलटा होता. उघड्याबोडक्या डोंगरावर आधी झाडे लावली, भोवती कुंपण घातले आणि सांबर, चितळ, काळवीट बाहेरून आणून आत सोडले.

हे सरकारी फायलीतून आपोआप घडले नाही. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ते ध्यास घेऊन तडीस नेले. चराईची जमीन बंद करायची म्हणजे शेजारच्या गावांशी रोजचा वाद. झाडे लावण्यापेक्षा ते काम अवघड असते.

पण या रानातले ‘आपले’ प्राणी कोणते? पावसाच्या छायेतला हा मुलूख मुळात उघड्या माळांचा. माळाचा धनी काळवीट. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या पदरी चित्ते आणि त्यांना शिकवणारे चित्तेवान होते. ते चित्ते सोडले जात ते काळविटांवरच. पुढे देशातला चित्ता संपला, माळ नांगराखाली गेले आणि काळवीट दुर्मीळ झाले. सागरेश्वरात काळविटाला आसरा मिळाला खरा, पण माळ राखण्याऐवजी झाडी वाढवली गेली, आणि झाडीत सुखावतात ती चितळे आणि सांबरे. माझ्या मते ही निवड कोणी विचारपूर्वक केलेली नव्हती. हिरवे म्हणजे चांगले, गवत म्हणजे पडीक, ही त्या काळाची समजूत होती. (महसुली दप्तरात ती आजही शाबूत आहे!)

त्यांच्यामागे मोठा शिकारी प्राणी कोणी सोडला नाही, म्हणून हरणे वाढत गेली. दरम्यान ताकारी उपसा योजनेने कृष्णेचे पाणी डोंगरापलीकडे नेले आणि कोरडवाहू शिवारात ऊस, द्राक्षे आली. कुंपण जिथे तुटले तिथून हरणे पिकात उतरू लागली. मोकाट कुत्र्यांनी फाडलेले हरीण आणि रात्रभर राखण करणारा शेतकरी, दोघेही एकाच जाळीच्या भोकाचे बळी.

यावर अलीकडे एक तोड निघाली. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वाघ टिकवायचा तर भक्ष्य हवे. म्हणून सागरेश्वरातली चितळे चांदोलीत नेण्यात आली. चितळ धरायला गेले तर धसक्यानेच मरते. त्यामुळे नसराळ्यासारखा निमुळता होत जाणारा आडोसा उभारतात. आत चारा-पाणी ठेवून कळपाला सवय लावतात, मग हलकेच पुढे हाकत नेतात. अरुंद टोकाशी गाडी मागच्या बाजूने लावलेली असते. कोणी हातही लावत नाही. चितळे आपल्या पायांनी गाडीत चढतात आणि जिथे वाघ हवा आहे त्या रानात उतरतात.