सशाच्या जाकिटाखाली ससाच

संशोधनात निरीक्षण महत्त्वाचं, हे आपण सगळेच ऐकतो. पण निरीक्षण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मला याचं चांगलं उत्तर लहान मुलांच्या एका पुस्तकात सापडतं.

बिआट्रिक्स पॉटर यांचं ‘द टेल ऑफ पीटर रॅबिट’ १९०२ मध्ये लंडनच्या फ्रेडरिक वॉर्न प्रकाशनाने रंगीत चित्रांसह छापलं. त्यातली चित्रं नीट बघा. पीटरला निळं जाकीट आहे, पण कान, पाठीचा बाक, मागच्या पायांची ठेवण खऱ्या सशाची. बूट हरवल्यावर तो चार पायांवर पळतो, पुढे जाळीत अडकलेलं जाकीटही सोडून देतो. आत ससाच असतो!

हे सहज जमलेलं नाही. लहानपणापासून पॉटर घरी ससे, उंदीर पाळायच्या आणि त्यांची चित्रं काढायच्या. पुढे त्या बुरशीकडे वळल्या. स्कॉटलंडमधले पोस्टमन आणि निसर्ग-अभ्यासक चार्ल्स मॅकिन्टॉश त्यांना अळंब्यांचे नमुने पाठवायचे. त्यांच्याच सल्ल्यावरून पॉटर अळंब्यांचे छेदही रंगवू लागल्या.

१८९७ मध्ये त्यांनी बीजाणूंच्या अंकुरणावर निबंध लिहिला. लंडनच्या लिनियन सोसायटीच्या सभेला तेव्हा स्त्रियांना प्रवेश नव्हता, म्हणून तो क्यू उद्यानाचे जॉर्ज मॅसी यांच्यामार्फत सादर झाला. नंतर तो मागे घेतला गेला, आणि आज त्याची प्रतही उपलब्ध नाही.

चित्रं मात्र राहिली. १९६७ मध्ये, म्हणजे निबंधानंतर ७० वर्षांनी, डब्ल्यू. पी. के. फिंडले यांनी बुरशीवरच्या आपल्या पुस्तकात ती वापरली. निबंध हरवला, पण नोंद कामाला आली.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे मोबाइल आहे, चित्र कशाला काढायचं? फोटो जरूर काढा. पण अळंबीच्या छत्रीखालच्या पट्ट्या देठाला चिकटतात की अलीकडेच थांबतात, हे फोटो काढताना बघितलं नाही तरी चालतं. चित्र काढताना मात्र ती रेघ कुठे थांबवायची, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. त्यासाठी पुन्हा नमुन्याकडे बघावं लागतं.

म्हणून प्रयोगवहीत आधी चित्र काढा, नाव नंतर लिहा. चित्र सुबक नसलं तरी चालेल. जे दिसलं तेवढंच काढा.