बेबदो आणि मामांची वही

माझा पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत चोपड्याला आला की दिवसभर कानात हेडफोन. परवा जेवताना अचानक म्हणाला, "काका, आपल्याकडे फंक कोणी वाजवलं का हो? म्हणजे इंग्रजीत नाही, आपल्या भाषेत?"

फंक म्हणजे काय हे मला त्यानेच आधी समजावून सांगितलं. १९६५ च्या सुमारास अमेरिकेत जेम्स ब्राऊन नावाच्या कृष्णवर्णीय गायकाने सगळा भार पहिल्या ठोक्यावर टाकला, ट्रम्पेट-सॅक्सोफोनला लांबलचक सूर आळवू न देता ढोलासारखं तुटक तुटक वाजायला लावलं, आणि ऐकणाऱ्याला बसून राहणंच अशक्य करून ठेवलं. हे ऐकून मला हसू आलं. पहिल्या ठोक्यावर भार आणि पितळी वाद्यं ढोलासारखी... अरे, हा तर आमच्या लग्नातला बँड झाला!

पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते चोपड्यातलं नाही. मुंबईच्या आशा पुथली यांनी १९७६ साली 'द डेव्हिल इज लूज' या रेकॉर्डमध्ये अस्सल फंक आणि डिस्को गायलं, अमेरिकेतल्या नव्या पिढीचे लोक त्यांच्या 'स्पेस टॉक'चे तुकडे आजही उचलतात. बाई फार मोठ्या. पण त्यांनी ते गायलं इंग्रजीत. "आपल्या भाषेत" म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर येतो तो मडगावच्या बोर्डा भागात १९२८ साली जन्मलेला एक ट्रम्पेटवाला. ख्रिस पेरी. त्याचं संगीत काटेकोर अर्थाने फंक नाही, त्यात स्विंग आहे, लॅटिन अमेरिकेचे ताल आहेत. पण नाचायचं संगीत घरच्या भाषेत आणायचं काम त्याच्याइतकं आपल्या बाजूला कोणी केलेलं मला माहीत नाही.

आता गोव्यातच हे का झालं, त्याला इतिहास आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. देवळातल्या... चुकलो, चर्चमधल्या प्रार्थनेसाठी. शिकलेल्या मुलांना गावात पोट भरण्याइतकं काम नव्हतं. मग ही मंडळी कागदावरचं संगीत वाचण्याच्या एका कौशल्यावर सगळीकडे पांगली. संस्थानिकांचे बँड, इंग्रजांच्या पलटणींचे बँड, कलकत्त्या-मुंबईची हॉटेलं, आणि शेवटी हिंदी सिनेमा. संगीतकार चाल गुणगुणायचा. ती पन्नास वादकांना लिहून द्यायचं, कुठे व्हायोलिन आणि कुठे ट्रम्पेट हे ठरवायचं काम बहुतेक वेळा गोव्याच्या माणसाचं. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्या नावावरून १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधलं ते गाणं आलं. सी. रामचंद्रांचे सहाय्यक चिक चॉकलेट (मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे) तर १९५१ च्या 'अलबेला'त पडद्यावरही ट्रम्पेट घेऊन दिसतात. नावं मात्र श्रेयनामावलीत क्वचितच. पैसे घ्या, वाजवा, घरी जा.

इथे माझे मामा येतात.

मामा चोपड्याच्या एका बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. आमच्याकडचं पंचेचाळीस अंशांचं ऊन, अंगात लाल कोट, त्याला सोनेरी झालर, डोक्यावर टोपी, आणि पारावरून वर निघाला की मांडवापर्यंत दोन-अडीच तास वाजवायचं. मामांना स्वरलिपी येत नव्हती. ते टेपरेकॉर्डरवर गाणं दहा वेळा ऐकायचे आणि शाळेच्या दोनशेपानी वहीत सारेगम लिहून काढायचे. 'अलबेला'चं 'शोला जो भडके' त्यांचं हुकमी. त्यातले ट्रम्पेटचे तुकडे ते इतके हुबेहूब काढायचे की म्हातारी माणसंही पाय हलवायची. आता विचार करा, हळदोण्याच्या एका माणसाच्या संगतीत घडलेला तो बाज सिनेमातून टेपवर, टेपवरून वहीत आणि वहीतून चोपड्याच्या गुजरअळीत आला. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नव्हतं.

ख्रिस पेरीही याच धंद्यातला. साठच्या दशकात चर्चगेटच्या हॉटेलांत तो बँड चालवायचा, सिनेमाच्या वाद्यवृंदातही काम करायचा. रात्री साहेबी लोकांसाठी इंग्रजी गाणी, दिवसा सिनेमासाठी हिंदी. मग त्याने असं काही केलं की जे बाकीच्यांच्या मनात आलं असलं तरी हातून झालं नाही. तोच ताफा, तीच पितळी वाद्यं, तोच झगमगाट, पण शब्द कोकणी. स्वतः लिहायचे, चाल स्वतः बांधायची. आणि गायला मुंबईतच वाढलेली एक तरुण मुलगी, लॉर्ना कार्दैरो. तिचा आवाज म्हणजे... कसं सांगू, घोगरा आणि धारदार एकाच वेळी. एचएमव्हीने या रेकॉर्डस् काढल्या. 'पिसो', 'बेबदो', 'नाचुंया कुंपासार'. विषय काय, तर गल्लीतलेच. वेडा झालेला, दारू पिऊन आलेला. बेबदो म्हणजे आपला बेवडाच हो! आणि पिसो म्हटलं की तुकोबांच्या अभंगांतलं 'पिसे' आठवतं.

हा काळही बघा. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला आणि गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. वादाच्या मुळाशी एक प्रश्न हाही होता की कोकणी ही भाषा की मराठीची बोली. आपल्याकडचे भलेभले विद्वान 'बोली' म्हणत होते. तिला गोव्याची राजभाषा व्हायला १९८७ उजाडलं, आठव्या अनुसूचीत यायला १९९२. मुंबईत कुडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या सामाईक खोल्यांत, राहणाऱ्या खलाशांना आणि आचाऱ्यांना मात्र अनुसूचीची वाट पाहायची गरज नव्हती. हॉटेलात साहेब ज्यावर नाचतात तो ताफा आपल्या भाषेत वाजतो, हे त्यांनी रेकॉर्डवर ऐकलं होतं. पेरीने तियात्रं लिहिली, १९७७ मध्ये 'भुंयारांतलो मनीस' हा पहिला रंगीत कोकणी सिनेमा काढला. पण माझ्या मते त्याचं खरं काम त्या तीन-तीन मिनिटांच्या गाण्यांत आहे.

मी हे सगळं ऐकलं ते १९९६ मध्ये. मुंबईला नोकरीला होतो. खोलीतला साथीदार सासष्टीचा. त्याने एका रविवारी 'बेबदो' लावलं आणि मी तीनदा मागे घेऊन ऐकलं. कॅसेट मागून घेतली आणि मे महिन्यात सुट्टीला येताना बरोबर आणली. अमळनेरला गाडीतून उतरून एसटीने तापी ओलांडून घरी आलो तो मामा ओसरीवर वाद्य पुसत बसलेले. लावलं. मामांनी डोळे मिटले. संपल्यावर विचारलं, "कोनती भाषा शे रे हाई?" म्हटलं, कोकणी. "आरे, हाई ते आपला बँडगतच वाजस." मग पुन्हा लावायला सांगितलं आणि वही आणायला आत गेले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण त्या दिवशी मामांना मी तीही सांगितली. सत्तरच्या दशकात पेरी आणि लॉर्ना वेगळे झाले आणि ती जवळजवळ वीस वर्षं गप्प झाली. दुसऱ्या कोणाबरोबर गायचं नाही असा करार त्याने तिच्याकडून करून घेतला होता, असं सर्रास सांगितलं जातं आणि छापलंही गेलं आहे. तिला परत माईकसमोर आणलं ते लहानपणी त्यांच्याबरोबर वाजवलेल्या रॉनी मोन्सेरात यांनी, १९९५ मध्ये, 'हॅलो लॉर्ना'च्या वेळी. वीस वर्षं! गाणाऱ्याच्या आयुष्यातली ऐन तिशी-चाळिशी. मला तेव्हा पेरीचा राग आला होता, आजही गाणं सुरू झालं की आधी त्याची कमाल वाटते आणि दुसऱ्या कडव्याला तिचं ते हरवलेलं गाणं आठवतं. दोन्ही एकदमच होतं, माझा इलाज नाही.

मामांना मात्र नवल वाटलं नाही. "तिनी उचल ली व्हई," ते म्हणाले. आमच्या बँडवाल्यांत उचलीची पद्धत. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालक पैसे देतो आणि मग पुढचा सगळा मोसम त्याच्याच ताफ्यात वाजवायचं. दुसरा दुप्पट देत असला तरी जाता येत नाही. मामा स्वतः अकरा मोसम असे अडकले होते. हे मला तोवर माहीत नव्हतं. करार म्हटल्यावर मला कायदा, वकील असं काहीतरी आठवलं होतं, त्यांना पावसाळा आठवला.

पेरी पुढे दुबईला जाऊन संगीत शिकवायचा. २००२ च्या जानेवारीत तो गेला. २०१४ मध्ये बार्डरॉय बार्रेटो यांनी या दोघांच्या आयुष्यावरून बेतलेला 'नाचुंया कुंपासार' काढला, त्यात गाणी पेरीचीच. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मी सबटायटल वाचत वाचत पाहिला आणि मध्येच वाचायचं सोडून दिलं.

त्या वर्षी, १९९६ लाच, एका हळदीला मामांनी 'बेबदो' वाजवलं. पोरं नाचली, कोणाला काही वेगळं वाटलं नाही. नवरदेवाच्या एका मित्राने घाम पुसत विचारलं, "मामा, कोनता पिच्चरनं शे?" मामा म्हणाले, "गोवानं शे." आणि पुढचं गाणं सुरू.

तर पुतण्याला हे सांगून झाल्यावर त्याने वही बघायला मागितली. मामा जाऊन आता पंधरा वर्षं झाली, वही माळ्यावर होती. 'बेवडा (गोवा)' असं शीर्षक असलेलं पान सापडलं. तो पानं उलटत मोजत होता. एकशे चौदा गाणी निघाली. "काका, अहिराणी एकही नाही?"

खरंच नव्हतं. हळदीच्या वेळी आत बायका अहिराणीत गात असायच्या, एकेक गाणं असं की ऐकत राहावं, आणि बाहेर बँड हिंदी वाजवत असायचा. हल्ली चित्र बदललंय, २०२२ मधलं 'हाई झुमका वाली पोर' यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं, आता पुण्यातल्या लग्नांतही वाजतं. पण तेव्हा कोणी मागत नव्हतं, मी त्याला म्हटलं. बँडवाला काय, ऑर्डर देणारा सांगेल ते वाजवणार.

वहीच्या शेवटच्या पानात एक घडी केलेला कागद होता. माझ्या १९९३ सालच्या लग्नात मी मामांना दिलेली यादी. माझंच अक्षर. पहिलं 'शोला जो भडके', मग आणखी दहा, सगळी हिंदी. आणि खाली रेघ मारून: 'कृपया गावठी गाणी वाजवू नयेत. मुंबईचे पाहुणे आहेत.'