माजिवड्यावरून गेलेली बिऱ्हाडं

सायनहून निघालेला पूर्व द्रुतगती महामार्ग माजिवड्याला येऊन टेकतो आणि तिथे रस्त्याला फाटे फुटतात. एक घोडबंदरकडे वळतो. दुसरा साकेतच्या पुलावरून खाडी ओलांडून खारेगावमार्गे नाशिकची वाट धरतो. तिसरा, या सगळ्यांत जुना, कापूरबावडी, बाळकुम, कशेळी करत भिवंडीला जातो. या तिसऱ्याला ठाण्यातली जुनी माणसं अजून ‘आग्रा रोड’ म्हणतात. त्यावरून आग्र्याला जाणारं आता क्वचितच कुणी भेटेल, पण नाव टिकलंय.

हल्ली शनिवारी पहाटे या नाक्यावर अधूनमधून एखादी मोटारहोम दिसते. टपावर सोलर पॅनेल, कडेला गुंडाळलेली कनात, आत पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी आणि संडास. रिक्षावाले मान वळवून बघतात. तिच्या शेजारीच कंटेनर उभा असतो. अवजड गाड्यांना शहरातून ठरावीक वेळेतच सोडतात, म्हणून चालक खोळंबलेला. केबिनमागच्या बाकावर त्याची वळकटी, आरशाला अडकवलेला ओला टॉवेल, आणि गाडीच्या कुशीतल्या लोखंडी पेटीत स्टोव्ह, पातेलं, मिठाची बाटली. पेटीचं झाकण उघडलं की तेच त्याचं स्वयंपाकघर. महिन्यातले बरेच दिवस तो इथेच राहतो, जेवतो, झोपतो. पण त्याच्या गाडीला कुणी मोटारहोम म्हणत नाही.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपल्याकडे म्हणतात. या टापूतून अशी बिऱ्हाडं दोन हजार वर्षं ये-जा करताहेत. प्रत्येकाला चालण्यापेक्षा थांबण्याची विवंचना जास्त होती: रात्री उतरायचं कुठे, पाणी कोण देणार, आणि उठवायला कोण येणार?

त्यावरचा सगळ्यांत जुना तोडगा माजिवड्याच्या पश्चिमेला, येऊरच्या डोंगरापलीकडे कातळात कोरलेला आहे. आज ज्याला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतात, त्याच्या पोटात कान्हेरीची लेणी आहेत. वर्षभर फिरणारे भिक्षू पावसाळ्यात एका जागी थांबत, त्यांच्यासाठी ही सोय. लेण्यांजवळ पावसाचं पाणी साठवणारी टाकी खोदलेली आहेत. ब्राह्मी लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय. त्यांतलं एक टाकं कल्याणच्या सोनाराने दान दिलेलं. कल्याण तेव्हा बंदर होतं. तिथून माल नाणेघाट चढून जुन्नरला जाई. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांचा लेख आहे, पाण्याची टाकी आहेत आणि एक दगडी रांजणही. तो जकातीचा, असं लोक सांगत आले. म्हणजे पाणी आणि टोल या दोन्ही गोष्टी तेव्हापासूनच्या.

पुढच्या काळात घाटवाटांवर राज्य होतं तांड्यांचं. लमाण हे नाव लवणावरून, म्हणजे मिठावरून पडलं, असं एक मत आहे, आणि ठाण्याच्या खाडीकाठची मिठागरं पाहिली की ते पटतं. लमाण-वंजाऱ्यांचे बैल इथून मीठ घेऊन थळ घाटाने देशावर चढत आणि येताना धान्य आणत. चाकं नव्हती, बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी गोण असायची. पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा, शिंगांना कवड्या. मागे बायका, पोरं, म्हातारे, कुत्री. सगळा गावच चालत असायचा आणि त्याचा कारभार नायकाकडे. मुक्कामाला गोणी उतरवून त्यांचीच भिंत रचायची, आत चुली पेटवायच्या. 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेला धान्य पोचवण्यातही अशा तांड्यांचा हात होता. लढाई कुणाचीही असो, तांडा मधून वाट काढत जात असे.

त्यांचा धंदा बसवला तो आगगाडीने, आणि तीही ठाण्याच्याच वाटेने आली. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटलेली गाडी ठाण्याला पोचली, पुढल्या वर्षी रूळ कल्याणला गेले, 1865 मध्ये गाडी थळ घाट चढून इगतपुरीला लागली. बैलाला जे अंतर कापायला दिवस लागत, तेच अंतर मीठ आता तासांत पार करू लागलं. तांडे रिकामे झाले. रिकामा फिरणारा माणूस सरकारच्या डोळ्यांवर येतोच. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकणं हाच संशय ठरवला आणि पुढे त्याचं जाळं देशभर पसरलं. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला रद्द झाला. महाराष्ट्रात बंजारा-लमाण आजही विमुक्त जातींच्या यादीत आहेत.

गंमत म्हणजे, हा कायदा करणारे साहेबलोक स्वतः हिवाळाभर तंबूत राहायचे. पाऊस सरला की कलेक्टरचा दौरा निघे. तंबूंचे दोन संच असत. एकात साहेब रात्री झोपे आणि दुसरा रातोरात पुढच्या मुक्कामाला जाई, म्हणजे सकाळी घोड्यावरून पोचेपर्यंत तिथे तंबू उभा, न्याहारी तयार. ही रीत मोगलांची. पुढे जाणाऱ्या छावणीला पेशखाना म्हणत. इटालियन प्रवासी जेमेली करेरी 1695 मध्ये वसईहून साष्टीत उतरून कान्हेरी पाहून गेला आणि मग कृष्णाकाठी गलगल्याला औरंगजेबाच्या छावणीत पोचला. छावणीचा घेर त्याने तीस मैल लिहिलाय आणि आत अडीचशे बाजार. सुमारे पंचवीस वर्षं दख्खनेत वावरणारं हे फिरतं शहर म्हणजे इथल्या मातीने पाहिलेलं सगळ्यांत मोठं बिऱ्हाड. त्याचं ओझं वाहिलं आसपासच्या गावांनी. साहेबाच्या दौऱ्यालाही गाड्या आणि माणसं वेठीनेच मिळत. त्या बैलगाडीवाल्यांचं प्रवासवर्णन कुणी लिहिलं नाही.

विसाव्या शतकात बिऱ्हाड मोटारीवर चढलं आणि त्याचा मान बहुतेक करमणूकवाल्यांकडे जातो. विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये ग्रेट इंडियन सर्कस काढली तेव्हापासून मराठी मुलखात तंबूचा संसार ओळखीचा होता. मोटार आल्यावर तमाशाचे फड ट्रकवर बसले: कनाती, रंगमंचाच्या फळ्या, पेट्या, कलावंत आणि त्यांची तान्ही पोरं, सगळं एकाच हौद्यात. जत्रांच्या हंगामात रात्री खेळ, पहाटे गाडी, दुपारी पुढच्या गावात चूल. नारायणगावात आजही फडांच्या राहुट्या लागतात आणि गावकरी येऊन सुपारी देतात. हौसेचं नाव नाही. पण चाकांवर घर कसं करायचं, सामान कुठे कोंबायचं, पाण्याविना कसं भागवायचं, हे मराठी माणसात कुणाला विचारायचं झालं तर फडवाल्यांना विचारावं.

हौसेच्या गाड्या आल्या त्या परदेशातून. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडत हिप्पींच्या फोक्सवॅगन व्हॅन भारतात उतरत आणि त्यांतल्या कितीतरी गोव्याला जात. 1979 मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट बंद पडली. अमेरिकेत तोवर चाकांवरच्या घराचं अख्खं जग उभं राहिलं होतं. यलोस्टोन उद्यानात मोटारींना 1915 मध्ये परवानगी मिळाली आणि पुढे उद्यानांतच गाडी लावून राहायच्या जागा आखल्या गेल्या. तिथे मोटारहोम फोफावली त्यात या जागांचा वाटा मोठा.

आपल्याकडे मोटारहोमची देशी बहीण म्हणजे व्हॅनिटी व्हॅन. नव्वदच्या दशकात अभिनेत्री पूनम धिल्लन यांनी हा धंदा हिंदी सिनेमात रुजवला. आता घोडबंदर रोडच्या अंगाला मालिकांची चित्रीकरणं चालतात, तिथे या पांढऱ्या गाड्या रांगेने उभ्या असतात. आत आरसा, कोच, एसी, संडास. बाहेर चालक खुर्ची टाकून चहा पीत बसलेला. गाडी दिवसभर हलत नाही, त्यामुळे प्रवास मात्र कुणाचाच होत नाही.

2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. त्यात गाड्यांबरोबर कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे, म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेली थांबायची जागा. कान्हेरीला टाकं देणाऱ्या कल्याणच्या सोनाराला हे ताबडतोब कळलं असतं. प्रत्यक्षात मोटारहोमवाला अजूनही ढाब्याच्या मालकाला, पेट्रोल पंपाला, शेतकऱ्याला विचारून गाडी लावतो. माजिवड्यापासून हाकेच्या अंतरावर राष्ट्रीय उद्यानाचं रान असलं तरी तिथे मनाला येईल तशी गाडी लावून रात्र काढता येत नाही, आणि ते योग्यच आहे. शंभरेक चौरस किलोमीटरच्या त्या जंगलाला तिन्ही बाजूंनी शहराने वेढलंय, आणि बिबट्यांनाही रात्री कुठेतरी मोकळं फिरायला मिळालं पाहिजे.

धोरणाच्या बाहेर राहिलेलं एक जुनं बिऱ्हाड मात्र अजून दरवर्षी या जिल्ह्यात उतरतं. दिवाळीच्या सुमारास देशावरचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात. घोड्याच्या पाठीवर वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, भांडी, पिठाचं पोतं, त्यावर दोरीने बांधलेली कोंबडी आणि कधी एखादं लहान मूल. मुरबाड, शहापूर, भिवंडीकडची भातं कापून झालेली असतात, त्या मोकळ्या शेतांत मेंढरं बसवायची, शेताला खत, बदल्यात धान्य किंवा पैसे. थांबायच्या जागेचा हा करार कुठल्याही कागदाविना चालत आलाय. पावसाआधी ते पुन्हा घाट चढतात.

माजिवड्याहून दिवाळीच्या सुट्टीत घर चाकांवर घालून माळशेजला निघणाऱ्यांनी घाटात गाडी सावकाश चालवावी. वळणापलीकडे मेंढरं असतात, आणि त्यांच्या मागच्या घोड्याला टेललाइट नसतो.